कलिनरी वर्कर्स युनियन (लोकल 226)

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील, मुख्यतः लास वेगस शहरातील हॉटेल आणि कॅसिनो कामगारांची संघटना. ‘लोकल’ म्हणजे महासंघाची स्थानिक शाखा. स्थापना 1935. सभासद सुमारे 60,000. खोल्या साफ करणाऱ्या बायका, स्वयंपाकी, वेटर, भांडी घासणारे, सामान वाहणारे, कपडे धुणारे असे सगळे तिच्यात येतात. जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटणारे डीलर मात्र येत नाहीत. बारटेंडरांची लोकल 165 ही संघटना वेगळी असली, तरी मालकांशी बोलणी करायला दोघी एकत्रच बसतात. दोन्ही ‘युनाइट हिअर’ या महासंघाशी संलग्न आहेत.

नेवाडात 1931 साली जुगार कायदेशीर झाला आणि वाळवंटातल्या या लहानशा गावात हॉटेले उभी राहू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘स्ट्रिप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर एकामागून एक कॅसिनो उघडले, तशी युनियनही वाढली. पण 1950च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात ‘राइट टू वर्क’ कायदा आला. हॉटेलात युनियनचा करार लागू असला, तरी सभासद व्हायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे आणि वर्गणीची सक्ती करायची नाही, असा तो कायदा. वर्गणी न भरणाऱ्यालाही करारातली पगारवाढ मिळतेच. अशा कायद्याखाली पुष्कळ संघटना पोखरल्या गेल्या. इथे मात्र बहुतांश कामगार आपणहून वर्गणी भरतात. हे कसे जमले, हाच या युनियनच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

पहिली काही दशके ते एका माणसाच्या जोरावर चालले. बारटेंडर म्हणून आलेले अल ब्रॅमलेट 1954मध्ये सचिव-खजिनदार झाले आणि पुढची 23 वर्षे युनियन म्हणजे ब्रॅमलेट असेच समीकरण राहिले. मालकांशी त्यांची थेट ऊठबस होती. करार वरच्या वर ठरत आणि कामगारांना नंतर कळत. वेतन वाढले, आरोग्य विमा आला, हे श्रेय त्यांचेच. पण 1977मध्ये त्यांचा खून झाला, मृतदेह वाळवंटात सापडला आणि युनियनला दुसरी फळीच नाही हे उघड झाले.

त्याची किंमत 1984च्या संपात मोजावी लागली. एव्हाना जुने मालक जाऊन कंपन्या आल्या होत्या. एप्रिलमध्ये सुमारे 17,000 कामगार बाहेर पडले. संप दोन महिन्यांहून अधिक चालला, शेकडो कामगारांना अटक झाली आणि अखेर सहा हॉटेले युनियनच्या हातून कायमची गेली.

यातून सावरताना महासंघाने जॉन विल्हेम यांना लास वेगसला पाठवले. येल विद्यापीठातल्या कारकुनी कामगारांचा लढा त्यांनी बांधला होता. त्यांची पद्धत नावीन्याची नव्हती, चिकाटीची होती. प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक विभागात, प्रत्येक पाळीत कामगारांमधलाच एक माणूस असा हवा, की ज्याच्या शब्दाला बाकीचे मान देतात. अशांची समिती करायची आणि मालकासमोरही तिलाच बसवायचे. गणवेशावर युनियनचा बिल्ला लावणे ही त्यातली पहिली पायरी. मुकादमाच्या डोळ्यांदेखत बिल्ला लावून पाळीवर उभी राहणारी बाई उद्या संपातही टिकेल, हा हिशेब साधा होता आणि खराही. 1989मध्ये मिराज हॉटेल उघडले, तेव्हा मालक स्टीव्ह विन यांच्याशी वेगळाच समझोता झाला. बहुसंख्य कामगारांनी सही केलेली कार्डे दिली की युनियनला मान्यता, आणि त्या बदल्यात कामाच्या वाटणीत व्यवस्थापनाला थोडी मोकळीक. पुढे नव्या हॉटेलांत शिरकाव झाला तो बराचसा याच वाटेने.

हॅटी कँटी या काळाचा चेहरा ठरल्या. अलाबामात जन्मलेल्या, पती गेल्यावर दहा मुलांचा संसार ओढणाऱ्या या कृष्णवर्णीय बाई मॅक्सिम हॉटेलात खोल्या साफ करीत. 1960पर्यंत स्ट्रिपवरच्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता आणि काम मिळे ते बहुधा मागच्या बाजूचे. त्याच शहरात 1990मध्ये कँटी युनियनच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. मालक आणि युनियन यांच्या संयुक्त निधीतून 1993मध्ये प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तिच्यासाठी त्यांनी जीव ओतला. झाडूपोछा करणाऱ्या बाईला स्वयंपाकी किंवा वेटर होता यावे, ही त्यामागची तळमळ होती.

फ्रंटियर हॉटेलचा संप 21 सप्टेंबर 1991 रोजी सुरू झाला. मालक एलार्डी कुटुंबाने वेतन आणि सवलती कापल्या, तेव्हा सुमारे 550 कामगार बाहेर पडले. हॉटेलच्या दारात रात्रंदिवस पहारा बसला. उन्हाळ्यात इथला पारा 40 अंशांच्या वर जातो. डांबरी रस्त्यालगतच्या फूटपाथवर फलक घेऊन येरझाऱ्या घालायच्या, पाळी संपली की दुसऱ्याच्या हाती फलक द्यायचा. हे एक-दोन मोसम नव्हे, 6 वर्षे 4 महिने 10 दिवस चालले. युनियनने संपकऱ्यांना भत्ता दिला, इतर हॉटेलांतल्या सभासदांनी त्यासाठी जादा वर्गणी भरली. एकही संपकरी फुटून कामावर गेला नाही. अखेर हॉटेल विकले गेले, नवे मालक फिल रफिन यांनी करार मान्य केला आणि 1 फेब्रुवारी 1998 रोजी कामगार आत गेले. अमेरिकेतल्या कामगार चळवळीत इतका लांबलेला आणि तरी जिंकलेला संप क्वचितच सापडेल.

त्यानंतर धमकीच पुरेशी ठरू लागली. 2018च्या करारात खोल्या साफ करणाऱ्यांना संकटाच्या वेळी दाबायचे बटण मिळाले. बंद खोलीत एकट्या बाईला पाहुण्याकडून होणारा त्रास ही जुनी, दबलेली तक्रार होती. कोविडमध्ये कॅसिनो बंद पडले, जवळजवळ सगळे सभासद बेकार झाले. जुन्या कामगारांना आधी परत बोलावण्याची सक्ती करणारा कायदा राज्याने 2021मध्ये केला, त्यामागे युनियनचा रेटा होता.

पण हॉटेलांनी दरम्यान रोजची सफाई बंद करून पाहिली होती. वरवर काम हलके झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तीन-चार दिवस न झाडलेली खोली नेमलेल्या वेळेत उरकायची म्हणजे कंबरडे मोडते. शिवाय रोज लागणारे हातही कमी होतात. म्हणून 2023च्या वाटाघाटींत पगाराइतकाच हा मुद्दा लावून धरला गेला. संपाच्या बाजूने 95 टक्के मते पडली. नोव्हेंबरमध्ये मुदत संपता संपता सीझर्स, एमजीएम आणि विन या तिन्ही बड्या कॅसिनो कंपन्यांनी पाच वर्षांचे करार केले. पहिल्याच वर्षी 10 टक्के आणि एकूण सुमारे 32 टक्के वाढ मिळाली. रोजची सफाई पुन्हा बंधनकारक झाली.

व्हर्जिन हॉटेलात मात्र नोव्हेंबर 2024मध्ये संप करावाच लागला. तो 69 दिवस चालला आणि करारानेच मिटला. 1999पासून युनियनला दाद न देणाऱ्या व्हेनेशियन हॉटेलात मालकी बदलल्यावर 2024मध्ये पहिला करार झाला, 2025मध्ये फाँटेनब्लो हॉटेलाचाही झाला. त्याबरोबर स्ट्रिपवरची सगळी मोठी कॅसिनो हॉटेले प्रथमच युनियनच्या कराराखाली आली.