काचो ए पेपे : चीज फुटू न देता घरी कसं करावं

या पाकिटात 200 ग्रॅम स्पॅगेटी, 120 ग्रॅम पेकोरीनो रोमानो चीजचा तुकडा आणि अख्खी काळी मिरी आहे. दोघांचं पोटभर जेवण होतं. रोमच्या या पदार्थात एवढंच लागतं. 'काचो' म्हणजे चीज, 'पेपे' म्हणजे मिरी. लोणी नाही, क्रीम नाही, लसूणसुद्धा नाही.

शाकाहारी ग्राहकांनी आधी हे वाचावं. पेकोरीनो रोमानो मेंढीच्या दुधाचं असतं आणि ते दूध फाडून घट्ट करायला कोकराच्या जठरातलं रेनेट हे विकर वापरतात. म्हणून ते शाकाहारी नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर पाकीट न फोडता परत आणा. त्याबदल्यात सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या रेनेटचं कडक चीज घालून देऊ. त्याला मेंढीच्या दुधाचा तो उग्र, खारट झणका नसतो, पण कृती तीच आणि पदार्थ चांगलाच होतो.

आता मुख्य गोष्ट. "चीजच्या गुठळ्या झाल्या, सगळं रबरासारखं कढईला चिकटलं," असं सांगत बरेच ग्राहक परत येतात. तुमच्या हाताचा दोष नाही, आचेचा आहे. कढी आठवा. ताक तसंच उकळलं तर फुटतं, म्हणून आपण बेसन लावतो आणि आच मंद ठेवतो. इथेही तेच. साधारण 65 अंशांच्या पुढे चीजमधली प्रथिनं एकमेकांना धरून गोळा होतात. पास्ता शिजताना पाण्यात उतरलेला स्टार्च मध्ये आला, तरच ती सुटी राहतात. 2025 साली इटलीच्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी नेमका हाच सॉस अभ्यासला. चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्टार्च असेल तर सॉस एकजीव राहतो, 1 टक्क्याच्या खाली गेला की गुठळ्या होतात, असं त्यांना आढळलं.

म्हणून पाणी कमी घ्या. 200 ग्रॅमला दीड लीटर पुरे, म्हणजे ते दाट, गढूळ होतं. मीठ नेहमीच्या निम्मं घाला, कारण चीज स्वतःच भरपूर खारट आहे. पाणी तापतंय तोवर चीज किसणीच्या सगळ्यात बारीक बाजूने किसा, अगदी भुरभुरीत. तयार चीज पावडर वापरू नका, ती नीट विरघळत नाही.

मिरी खलबत्त्यात भरड कुटा. पूड नको, दाताखाली कण यायला हवा. दोन छोटे चमचे कूट कोरड्या कढईत मंद आचेवर परता. वास नाकात चढला की लगेच पास्त्याचं एक पळीभर पाणी त्यावर ओता.

स्पॅगेटी पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा. एक काडी तोडून पाहा : मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. उरलेलं शिजणं मिरीच्या पाण्यात होऊ द्या. आमची स्पॅगेटी कांस्याच्या साच्यातून काढलेली आहे, म्हणून हाताला खरखरीत आणि दिसायला पिठूळ लागते. त्या खरखरीवरच सॉस धरतो. ती ड्युरम गव्हाच्या रव्याची आहे. आपला बन्सी गहू याच जातकुळीचा, त्यामुळे ती शेवयांसारखी तुटत नाही की गिचका होत नाही.

एका वाडग्यात किसलेलं चीज घ्या. पास्त्याचं पाणी वाटीत काढून कोमट होऊ द्या, बोट बुडवता आलं पाहिजे. ते तीन-चार मोठे चमचे घालून इडलीच्या पिठाएवढं सरसरीत करा. आता गॅस बंद. कढई खाली उतरवा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. हे मिनिट कृपया वाचवू नका. मग चीज ओता आणि चिमट्याने भराभर उलटसुलट करा. घट्ट वाटलं तर चमचाभर कोमट पाणी. स्पॅगेटीवर चकाकी आली आणि कढईच्या तळाशी पांढरी साय सरकताना दिसली की झालं.

पहिल्यांदाच करत असाल, तर छोटा सपाट चमचा कॉर्नफ्लॉवर दोन मोठे चमचे पाण्यात खळीसारखं शिजवून गार करा आणि चीजमध्ये घोटा. मग पास्त्याचं पाणी अगदी थोडंच लागेल. रोमच्या आज्जींना हे चालणार नाही, पण आम्ही मनापासून सुचवतो. पास्त्याच्या पाण्यात स्टार्च किती उतरला हे डोळ्यांना कळत नाही, इथे मात्र माप हातात राहतं.

ताटं आधी गरम पाण्याने धुऊन पुसून ठेवा आणि लगेच वाढा. उरलेलं पुन्हा तापवलं की चीज फुटतंच, तेव्हा एकाच माणसासाठी करायचं असेल तर अर्धंच करा. राहिलेला चीजचा तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, तो ठिसूळ होतो.