अवजाराचं टोक नेमकं कुठे? सर्जिकल नेव्हिगेशनच्या खुल्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

मेंदूतली गाठ काढताना सर्जनला दिसतो तो फक्त वरचा पृष्ठभाग. खाली रक्तवाहिनी आहे की वाचेचं केंद्र, हे वरून कळत नाही. म्हणून हातातल्या अवजाराचं टोक आत्ता नेमकं कुठे आहे, हा प्रश्न फार जुना आहे. ते स्कॅनवर दाखवणारं तंत्र म्हणजे सर्जिकल नेव्हिगेशन.

१९०८ मध्ये लंडनमध्ये हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी प्राण्यांच्या डोक्यावर बसवायची चौकट तयार केली. तीन आकडे दिले की मेंदूतला हवा तो बिंदू गाठता यायचा. माणसाच्या बाबतीत कवटीवरच्या खुणांवरून आतला अंदाज बांधणं धोक्याचं. त्यामुळे तिथे ही पद्धत यायला १९४७ उजाडलं. १९७१ मध्ये रुग्णाचं पहिलं सीटी स्कॅन झालं आणि कवटीच्या आतलं चित्र दिसू लागलं. १९८६ मध्ये अमेरिकेत डेव्हिड रॉबर्ट्स यांच्या गटाने चौकटच बाजूला ठेवली आणि ध्वनिलहरींनी मायक्रोस्कोपची जागा मोजली.

पुढे बऱ्याच ठिकाणी ध्वनीऐवजी इन्फ्रारेड कॅमेरा आला. अवजारावर चमकदार गोळे बसवतात आणि कॅमेरा ते टिपतो. पण कॅमेऱ्याला ऑपरेशन थिएटरमधली जागा कळते, स्कॅनमधली नाही. ही दोन्ही जुळवणं म्हणजे रजिस्ट्रेशन. स्कॅनच्या आधी त्वचेवर चिकटवलेल्या खुणांना सर्जन एकेक करून टोक लावतो, त्याच खुणा स्क्रीनवर दाखवतो, आणि संगणक दोन्हींचा मेळ घालतो. इथली दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा महागात पडू शकते. असं असताना हे गणित बंद पेटीत राहावं, हे मला कधीच पटलेलं नाही. विकत मिळणाऱ्या यंत्रणांमध्ये बहुतेक ते तसंच होतं, आणि नवी पद्धत तपासू पाहणाऱ्या संशोधकाला सगळं शून्यापासून लिहावं लागे.

ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती खुल्या, म्हणजे कुणालाही वाचता आणि बदलता येणाऱ्या, पायाभूत कोडपासून. त्रिमितीय चित्रणासाठी व्हीटीके हा कोडसंच १९९३ मध्ये आला. प्रतिमेतले भाग वेगळे करणं आणि प्रतिमा एकमेकींशी जुळवणं यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९९ मध्ये आयटीके हा दुसरा कोडसंच हाती घेतला. दरम्यान १९९८ मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून, डेव्हिड गेरिंग यांच्या मास्टर्सच्या प्रबंधाच्या निमित्ताने, थ्रीडी स्लायसर हे स्कॅन पाहण्याचं आणि त्यांवर काम करण्याचं सॉफ्टवेअर जन्माला आलं. प्रबंधापुरतं लिहिलेलं सॉफ्टवेअर आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालतं, ते त्याचा परवाना मोकळा आहे म्हणून. जर्मनीतल्या हायडेलबर्गचं एमआयटीके आणि नॉर्वेचं कस्टसएक्स ही सॉफ्टवेअरंसुद्धा याच वाटेवरची.

तरी एक अडचण उरलीच होती: कॅमेरा, अल्ट्रासाऊंड, रोबो, प्रत्येकाची भाषा वेगळी. २००८ च्या सुमारास आलेल्या ओपनआयजीटीलिंक या यंत्रांमधल्या निरोपांच्या सामाईक भाषेने ती सोडवली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं काम. त्याची रचना अगदी साधी. आधी ५८ बाइट्सचं शीर्षक: निरोप कसला, कुठल्या यंत्राचा, किती वाजताचा. मग अवजाराची जागा आणि दिशा सांगणारे १२ आकडे. बस. कुठलंही यंत्र एवढं पाठवू शकलं की स्लायसरला ते कळतं. पुढे कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातून आलेल्या प्लस या टूलकिटने बऱ्याच उपकरणांसाठी हा दुवा तयारच करून दिला.

स्लायसर संशोधनासाठी आहे. नेहमीच्या उपचारात वापरण्याची मान्यता त्याला नाही. आणि कवटी उघडली की द्रव निघून जातो, मेंदू खाली बसतो, सकाळचा स्कॅन दुपारी जुना होतो. म्हणून आता ऑपरेशन चालू असतानाच अल्ट्रासाऊंड घेऊन नकाशा दुरुस्त करण्याचे प्रयोग याच खुल्या साधनांवर चालू आहेत.