शोधतानाचा आलेख आणि सांगतानाचा आलेख

जॉन स्नो आणि कॉलऱ्याचा नकाशा ही जोडी डेटाच्या प्रशिक्षणात हमखास भेटते. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात साथ आली, डॉक्टर स्नोंनी मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती मृत्यूंची गर्दी दिसली आणि कारण सापडलं: त्या पंपाचं दूषित पाणी. गोष्ट छान आहे, फक्त क्रम उलटा आहे. ते पाणी कुणाला उपसता येऊ नये म्हणून पंपाचा दांडा काढला ८ सप्टेंबरला. नकाशा लोकांपुढे आला त्यानंतर, आणि पुस्तकात छापला गेला १८५५ मध्ये. स्नोंना उत्तर नकाशाने दिलं नाही. आधीच हाती लागलेलं उत्तर त्यांनी नकाशातून इतरांना दाखवलं.

डेटाची मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. शोधताना काढलेला आलेख आणि सांगताना काढलेला आलेख दिसायला सारखेच, दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून निघतात, म्हणून आपण पहिलाच उचलून स्लाइडवर डकवतो.

स्नोंचा शोध कसा चालला ते बघा. मृत्यूनोंदणीच्या कार्यालयातून त्यांनी यादी मिळवली. साथ भडकली त्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत ८३ मृत्यू. जवळजवळ सगळे पंपाच्या आसपासचे. आपल्यापैकी बरेच जण इथेच थांबले असते. स्नो मात्र न बसणाऱ्या नोंदींच्या मागे लागले. दहा मृत्यू अशा घरांतले होते, जिथून दुसराच पंप जवळ होता. त्यांपैकी पाच घरांनी सांगितलं, आम्ही पाणी ब्रॉड स्ट्रीटचंच आणतो. आणखी तीन जण म्हणजे त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी मुलं होती. शोध म्हणजे हे: दार ठोठावणं, अपवाद तपासणं, आपलाच अंदाज मोडतो का ते बघणं.

शोधतानाचा आलेख या कामाचा असतो. तो स्वतःसाठी काढायचा. वीस काढा, अठरा फेकून द्या. रंग भडक असोत, अक्षाला नाव नसो, कुणाचं काय बिघडतं? पण काढायचा मात्र नक्की, नुसत्या सरासरीवर विसंबायचं नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक अँसकोम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दाखवले. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची साडेसात, सहसंबंध (क्ष आणि य किती जोडीने बदलतात याचं माप) सुमारे ०.८२. आकड्यांवरून चौघे जुळे भाऊ. आलेख काढला की एकात साधारण सरळ कल, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात सरळ रेषा बिघडवणारा एकच चुकार बिंदू, आणि चौथ्यात एक बिंदू सोडला तर बाकी सगळे एकाच उभ्या ओळीत.

सांगतानाच्या आलेखाला वेगळी शिस्त लागते, कारण समोरच्याने तो डेटा आठवडाभर चिवडलेला नसतो. समजा, तुमच्याकडे बारा शाखांच्या तक्रारींचा वर्षभराचा डेटा आहे. शोधताना बारा रंगांच्या बारा रेषा ठीक. त्याच रेषा स्लाइडवर टाकल्या की लोक रेषेकडून रंगसूचीकडे आणि सूचीकडून रेषेकडे मान हलवत बसतात. अकरा रेषा फिकट करड्या करा, एकच गडद ठेवा, तिचं नाव तिच्याच टोकाशी लिहा. शीर्षक ‘शाखानिहाय मासिक तक्रारी’ असं नको. हे शीर्षक कसलं, फायलीवरची चिठ्ठी. ‘नवा फॉर्म आल्यापासून एकाच शाखेच्या तक्रारी चढत गेल्या’ असं क्रियापदासकट पूर्ण वाक्य लिहा. असं वाक्य सुचत नसेल, तर शोध अजून संपलेला नाही आणि सादरीकरणाची घाई चालली आहे.

क्रमाचंही तेच. डेटा कुठून आणला, किती ओळी गाळल्या, कुठलं मॉडेल फसलं ही आपल्या मेहनतीची हकिकत झाली. मलाही ती सांगायचा मोह होतो, घाम गाळलेला असतो ना! ऐकणाऱ्याला मात्र काय आढळलं ते आधी हवं असतं, कसं आढळलं ते विचारलं तर.

उलटी चूक जास्त महागात पडते: वाक्य आधी ठरवायचं आणि मग त्याला शोभणारे आकडे वेचायचे. ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ हे वाक्य असंच फार गोड आहे. स्नोंनी स्वतः मात्र लिहून ठेवलंय की लोक भाग सोडून पळाल्यामुळे मृत्यू आधीच उतरणीला लागले होते आणि दांडा काढल्याने किती फरक पडला हे ठरवता येत नाही. गोष्ट जराशी फिकी झाली, तरी ती कबुली त्यांनी ठेवली.

नकाशात मावला नाही असा पुरावाही त्यांनी सोडला नाही. सोहोपासून दूर, हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कित्येक महिने सोहोत फिरकलीही नव्हती. पण तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून तिच्याकडे रोज गाडीतून त्या पाण्याची भरलेली बाटली यायची. ती कॉलऱ्याने गेली. ते पाणी प्यायलेली तिची भाचीही गेली. हॅम्पस्टेडमध्ये तेव्हा कॉलरा नव्हता. स्नोंच्या मते सगळ्यांत निर्णायक पुरावा हाच होता, आणि तो नकाशाच्या चौकटीबाहेर, साध्या गद्यात आहे.