सूतभर इकडे, सूतभर तिकडे: तंबोऱ्याचं भौतिकशास्त्र

लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली एक तार, टोकाला लोंबणारी वजनं आणि तारेखाली दोन त्रिकोणी घोड्या. ज्यांनी विज्ञान शाखेतून शिक्षण घेतलं त्यांना सोनोमीटरचं प्रॅक्टिकल आठवत असेल. ट्यूनिंग फोर्क वाजवून पेटीवर टेकवायचा, घोडी सरकवत राहायची, आणि तारेवर ठेवलेली कागदाची चिमटी टुणकन उडाली की लांबी वहीत उतरवायची. आमच्या कॉलेजात ही प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. गॅदरिंगला लागणारा तंबोरा दुसऱ्या मजल्यावर, खोळ घालून कपाटावर आडवा ठेवलेला असायचा. दोन्हीकडे मामला एकच, पोकळीवर ताणलेली तार. हे मला कुणी सांगितलं नाही आणि माझंही डोकं तिकडे गेलं नाही.

खरा फरक घोडीत आहे. सोनोमीटरच्या घोडीला वर धार असते. तार त्या धारेवर टेकते आणि कंपनापुरती तिथेच संपते. तंबोऱ्याची घोडी पाटासारखी रुंद, आणि तिचा माथा जेमतेम जाणवेल इतका फुगीर. तार त्या फुगवट्याला चाटून जाते. छेडली की खाली येताना ती घोडीवर थोडी लपेटते, वर जाताना सुटते. पांढरी एकच्या (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) आसपासचा षड्ज, म्हणजे सा, लावला असेल तर हे लपेटणं-सुटणं सेकंदाला सुमारे 130 वेळा चालतं. म्हणजे तारेची लांबी दर फेऱ्यात किंचित कमी-जास्त होते, आणि तारेतली ऊर्जा खालच्या कंपनांतून वरच्या कंपनांकडे वाहत राहते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात. तो सूतभर पुढे-मागे केला की एका ठरावीक जागी मंद वाजणारी तार एकाएकी झणकारू लागते. हीच जवारी.

मिरजेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तिथे वाद्यं घडवायला सुरुवात केली असं सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. धार लावणाऱ्यांच्या घरात धार नसलेली घोडी घडू लागली, ही गंमत मला फार आवडते. पुढे या मंडळींना सतारमेकर हेच आडनाव चिकटलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणारा कारागीर घोडी थोडी घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. किती घासायचं याचा आकडा त्याच्याकडे नसतो. जवारी खुली (जास्त झणकारणारी) हवी की बंद (कमी झणकारणारी), एवढंच तो गाणाऱ्याला विचारतो.

आता कलकत्त्याला जाऊ. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर मोजक्या पानांचा एक शोधनिबंध लिहिला. प्रकाशाच्या ज्या कामासाठी 1930 चं नोबेल मिळालं, ते काम तेव्हा पुढेच होतं. ध्वनिशास्त्रात एक जुना नियम होता, यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा. तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी थरथरते: अख्खी, दोन भागांत, तीन भागांत, अशी. दोन भागांत थरथरताना तिचा मध्य स्थिर राहतो. म्हणून बरोबर मध्यावर छेडलं तर ते कंपन जागं होऊच नये, आणि त्या कंपनाचा वरचा सूर, म्हणजे उपस्वर, ऐकू येऊ नये, असं हा नियम सांगतो. धारेच्या घोडीवर नियम चोख चालतो. रामन यांना दिसलं की वीणा आणि तंबोरा तो सर्रास मोडतात. जे उपस्वर गैरहजर असायला हवेत ते ठणठणीत वाजतात. कारण त्यांनी घोडीत शोधलं. मृदंग आणि तबल्यावरही त्यांनी काम केलं. नुसत्या ताणलेल्या गोल चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मधोमध शाई चढवली की ते दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल प्रमाणात येतात, हे त्यांनी पुडीवर वाळू पसरून दाखवलं.

मात्र कला आणि विज्ञानाची गाठ दरवेळी इतकी चांगली पडत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या साथीने बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांची, गणितं मांडली आणि 1910 मध्ये ती प्रसिद्ध केली. मग क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या पुढाकाराने श्रुतींची पेटी, म्हणजे हार्मोनियम, तयार झाली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत गवयांना काही ती पटली नाही. माझ्या मते गडबड पेटीत नव्हती. चांगल्या गवयाचा गंधार रागाप्रमाणे आणि जागेप्रमाणे हलतो. त्याला खिळा ठोकून एका जागी बसवायचा हट्ट चुकला. रामन यांनी वाद्याला विचारलं, तू असं का वाजतोस? पेटीवाल्यांनी गळ्याला सांगितलं, असं वाज.

तरी मोजण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला भारी यंत्रं लागत नाहीत. 130 हर्ट्झच्या षड्जाचे उपस्वर 260, 390, 520, 650 असे चढतात. 390 हा पंचम. 650 हा गंधार, कारण 520 च्या षड्जाला तो सव्वापट आहे. कुणी न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. बाजारातल्या नेहमीच्या पेटीचा तोच गंधार 655 च्या आसपास पडतो. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला पाचेक हेलकावे ऐकू येतात. पेटी सोबतीला असली की कान खाजतो असं जुने गवय म्हणत, त्याला हा हिशेब आहे.

सोनोमीटरच्या टेबलाशेजारी तंबोरा ठेवावा आणि फोनवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं फुकटचं ॲप लावावं. दोन्ही तारा मध्यावर छेडाव्यात. सोनोमीटरच्या बाजूला 2, 4, 6 या क्रमांकांच्या रेघा फिक्या दिसतील. तंबोऱ्याच्या बाजूला त्या ठळक असतील, आणि दोरा सरकवला तर त्यांची उंची बदलेल. गाणाऱ्या मुलीला हा बदल पडद्यावर दिसण्याआधीच ऐकू येईल आणि फिजिक्सवाल्याला नेमका कोणता उपस्वर वाढला ते सांगता येईल, असा माझा अंदाज आहे. प्रयोगवहीत मात्र यासाठी रकाना नाही. तो आखावा लागेल.

आणि तंबोरा दुसऱ्या मजल्यावरून खाली आणावा लागेल. जिन्यात भोपळा आपटू नये म्हणून त्याला दोघे जण लागतात.