कोल्हापूरचा भक्तिपट आणि मोजक्या दिवसांचे चित्रीकरण : पार्श्वभूमी

कोल्हापुरात भक्तिविषयक लघुपट करणारे बहुतेक गट आपापला नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात. शनिवार-रविवारला जोडून घेतलेली एखादी रजा, ओळखीतून मिळालेला कॅमेरा, लग्नसराई संपल्यावर मोकळा झालेला छायाचित्रकार आणि तीन-चार दिवसांत उरकायचे शूटिंग, असा साधारण बेत असतो. एवढ्या थोड्या वेळात श्रद्धेचा विषय पेलता येतो का, हा प्रश्न रास्त आहे. मात्र या शहरात भक्तिकथा आणि वेळेची टंचाई या दोन्ही गोष्टी चित्रपटाच्या जन्मापासून बरोबरीने चालत आल्या आहेत, आणि जुन्या मंडळींनी त्यातून काढलेला मार्ग आजही उपयोगी पडण्याजोगा आहे.

मोजक्या तासांत लघुपट पूर्ण करण्याच्या स्पर्धा अमेरिकेत या शतकाच्या आरंभी रुजल्या. अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा २००१ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली आणि त्यानंतर २००३ साली १६८ तासांची, म्हणजे एका आठवड्याची, खास धर्मप्रेरित लघुपटांची स्पर्धा आली. तीत प्रत्येक गटाला बायबलमधील एक वचन दिले जाते आणि त्या वचनावर गोष्ट रचून आठवड्यात चित्रीकरण व संकलन पुरे करायचे असते. मराठी माणसाला या रचनेत अनोळखी असे काही वाटू नये. आपला कीर्तनकार पूर्वरंगात एखादा अभंग घेतो, त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्याच अर्थाचे आख्यान लावतो. एक वचन, एक आख्यान आणि ठरलेली वेळ ही चौकट देवळाच्या मंडपात शेकडो वर्षे वापरात आहे. माझ्या मते कोल्हापूरच्या भक्तिपटाचे मूळ शोधायचे तर ते कॅमेऱ्याच्या आधी या आख्यानपरंपरेत आणि नाटकमंडळ्यांच्या रंगवलेल्या पडद्यांत शोधावे लागते.

ते पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकल्यानंतर या दोघांनी स्वतःच कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. त्यानंतर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने तो कॅमेरा पूर्णत्वास नेला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी; राजर्षी शाहू महाराजांचा आश्रयही लाभला. १९२० साली आलेल्या ‘सैरंध्री’साठी बाबूरावांनी विराटपर्वातील कीचकवधाचा प्रसंग निवडला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमाकेसरी’ म्हणून गौरवले. पुढे ‘भक्त दामाजी’सारखी संतकथाही याच कंपनीने पडद्यावर आणली.

मूकपटाच्या काळात पौराणिक आणि संतकथांना प्राधान्य मिळाले याला श्रद्धेइतकेच व्यवहाराचेही कारण होते. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असल्यामुळे पात्रांची ओळख करून देण्यात वेळ जात नसे, दृश्यांच्या मधे दाखवायच्या पाट्यांवर मजकूर थोडा लिहून भागत असे आणि दिग्दर्शक थेट प्रसंगाच्या गाभ्याला हात घालू शकत असे. आजच्या दहा मिनिटांच्या लघुपटालाही नेमकी हीच सोय उपलब्ध असते, आणि तरीही पुष्कळ लघुपटांची पहिली तीन मिनिटे देवस्थानाची माहिती सांगण्यात खर्ची पडतात, याचे वाईट वाटते.

वेळेची त्या काळची टंचाई सूर्याने ठरवलेली होती. चित्रीकरण उघड्यावर, दिवसाच्या उजेडात चाले. ऊन फार कडक झाले तर वर पांढरे कापड ताणून ते सौम्य करावे लागे आणि ढग आले की काम थांबे. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवायची, सेकंदाला साधारण सोळा चौकटी, म्हणजे दर सेकंदाला एक फूट फिल्म खर्च होणार. कच्ची फिल्म परदेशातून येत असल्यामुळे वाया गेलेला प्रत्येक फूट बोचत असे. या अडचणीवर बाबूरावांचे उत्तर चित्रकाराचे होते. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली आणि दृश्याची मांडणी ते आधी कागदावर रेखाटून ठेवत, त्यामुळे उजेड असेपर्यंत फक्त अंमलबजावणी उरे. रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव सेट उभारणे आणि पुढे कृत्रिम प्रकाशाचा वापर करणे, हेही त्यांनी या कंपनीतच रुजवले. घाईच्या कामाची खरी बचत चित्रीकरणाआधीच्या दिवसांत होते, ही समज कोल्हापुरात तेव्हापासून आहे.

याच कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ मार्च १९३१ मध्ये आला आणि वर्ष उलटण्याच्या आत, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. मूकपटाचे तंत्र सोडून ध्वनीचे नवे तंत्र आत्मसात करायचे आणि तोच चित्रपट हिंदीतही करायचा, हे या मुदतीत साधले. या चित्रपटातली हरिश्चंद्राची कथा घरोघरी माहीत होती, याचा त्यात मोठा वाटा असावा असे मला वाटते. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तेथे १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करणाऱ्या दोघांपैकी साहेबमामा फत्तेलाल हे मूळचे कागलचे मुसलमान कलावंत, ही गोष्ट भक्तिपटाचा इतिहास सांगताना आवर्जून नोंदवावी लागते. कोल्हापुरात त्यानंतर कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ यांनी काम चालू ठेवले. मोरेवाडीची चित्रनगरी बरीच नंतरची.

आता उजेड विकत मिळतो आणि फिल्म संपत नाही, परंतु देवस्थानाचे वेळापत्रक बदललेले नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, प्रत्येक वेळी मोजके दिवसच असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून वर चढतात. त्यासाठी मिळतात ती काही मिनिटे, आणि क्षितिजावर ढग असले तर तीही नाहीत. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याचा आग्रह न धरता दर्शन घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उतरलेला प्रकाश टिपणे हा मला अधिक प्रामाणिक मार्ग वाटतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत अडचण वेगळी असते. ‘चांगभलं’च्या गजरात सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या नावाने मिरवायच्या उंच काठ्या, नाचू लागल्या की गुलालाची बारीक पूड हवेत तरंगत राहते आणि लेन्सच्या कड्यात, बटणांच्या फटीत, माइकच्या जाळीत जाऊन बसते. जाणते छायाचित्रकार कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधतात, डोंगरावर लेन्स बदलत नाहीत आणि बदलायचीच झाली तर गाडीच्या काचा लावून आत बसून बदलतात. गर्दीत रिटेक मिळत नाही. म्हणून आधी रेकी करून उभे राहण्याची जागा ठरवणे आणि कलाकाराचे जवळचे शॉट वेगळ्या दिवशी घेणे, हेच शहाणपणाचे ठरते.

शेवटच्या रात्री घाई होते ती बहुधा संगीताची. संतांचे अभंग कोणालाही वापरता येतात, मात्र त्यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणांवर प्रकाशनानंतर साठ वर्षे हक्क असतो आणि अलीकडच्या चालींवर संगीतकाराचा हक्क वेगळा असतो. संकलन करताना इंटरनेटवरून उचललेले गाणे नंतर काढावे लागले की त्या गाण्याच्या लयीवर कापलेली सगळी दृश्ये पुन्हा जुळवावी लागतात. त्यापेक्षा गावातील भजनी मंडळाला चित्रीकरणाच्या आधीच विनंती करावी, परंपरेने चालत आलेल्या चालीत अभंग म्हणवून घ्यावा आणि टाळ-पखवाजासह तो बंद खोलीत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून ठेवावा. पेठापेठांतून आणि आसपासच्या खेड्यांतून अशी मंडळे आहेत, त्यांना शेकडो अभंग पाठ असतात आणि ती सहसा नाही म्हणत नाहीत.