ते हिरवे गोळे म्हणजे यकृतातले खडे नव्हेत

‘रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी यकृतातले खडे पडतील,’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. सकाळी हिरवे गोळे खरंच दिसतात, त्यामुळे विश्वास बसणं साहजिकच आहे.

पण हे खडे बहुधा यकृतात नाही, पित्ताशयात होतात. मग ते गोळे कुठून आले? एवढं तेल एकदम पोटात गेलं की पचनरस ते फोडतात, सुटलेल्या स्निग्धाम्लांचे साबणासारखे मऊ गोळे बनतात आणि पित्तामुळे हिरवे दिसतात. प्रयोगशाळेत असे गोळे तपासले तेव्हा 40 अंश सेल्सिअसला दहा मिनिटांत वितळून त्यांचं तेलकट पाणी झालं. पित्ताचा खडा असा वितळत नाही. खात्रीच करायची तर सोनोग्राफी करा: खडे असतील तर ते उपायानंतरही जागेवरच दिसतील.

यकृतात कचरा साचून राहतच नाही. विषारी अमोनियाचा ते युरिया करतं, तो मूत्रपिंडं बाहेर टाकतात. हे काम अहोरात्र चालू असतं.

मात्र खडे खरोखर असतील, तर एवढ्या तेलाने पित्ताशय जोरात आकुंचन पावून खडा नळीत अडकू शकतो. पोटात उजवीकडे वरच्या बाजूला तीव्र कळ, ताप, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लगेच डॉक्टर गाठा.