फारोकी, हारून

(९ जानेवारी १९४४ – ३० जुलै २०१४). जर्मन माहितीपट दिग्दर्शक, व्हिडिओ-कलावंत आणि निबंधकार. चित्रपटगृह, दूरचित्रवाणी आणि कलादालने यांसाठी त्यांनी शंभराहून अधिक चित्रकृती केल्या. नवे चित्रण करण्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, त्यांनी दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या चित्रणाची उलटतपासणी केली. ते कुणी केले, कुणासाठी केले आणि त्यात दिसत असूनही कुणी काय पाहिले नाही, हे प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाहीत.

त्यांचा जन्म आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या नोव्ही यिचीन येथे झाला. वडील भारतीय मुसलमान डॉक्टर, आई जर्मन. बालपणाची काही वर्षे भारतात व इंडोनेशियात गेल्यावर कुटुंब जर्मनीत परतले. १९६६ साली बर्लिनच्या नव्या चित्रपट अकादमीत त्यांना प्रवेश मिळाला. १९६८च्या विद्यार्थी चळवळीत राजकीय कारणांवरून अकादमीने त्यांना काढून टाकले.

पुढच्याच वर्षी आलेला ‘न विझणारी आग’ हा पंचवीस मिनिटांचा चित्रपट आजही अंगावर येतो. विषय व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या नापाम या ज्वालाग्राही द्रव्याचा. टेबलाशी बसलेले फारोकी एका व्हिएतनामी पीडिताची साक्ष वाचतात. भाजलेली शरीरे दाखवली तर प्रेक्षक डोळे मिटून घेईल आणि मग वस्तुस्थितीकडेही पाठ फिरवील, असे ते सांगतात. नंतर पेटती सिगारेट स्वतःच्या हातावर टेकवतात. निवेदन एवढेच, की सिगारेट सुमारे ४०० अंशांवर जळते, नापाम ३,००० अंशांवर. उरलेला चित्रपट नापाम बनवणाऱ्या अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीचे कामकाज अभिनित प्रसंगांतून उभे करतो. कामाची वाटणी अशी झालेली असते की आपल्या हातून अखेर काय तयार होते, हे तिथल्या शास्त्रज्ञांना आणि कामगारांना कळतच नाही. युद्धविरोधी चित्रपट त्या काळात पुष्कळ निघाले, पण संतापाला इतकी शिस्त क्वचितच कुणी लावली असेल.

१९७४ ते १९८४ या काळात ते ‘फिल्मक्रिटिक’ या मासिकाच्या संपादनात होते. पोटापाण्यासाठी दूरचित्रवाणीची लहानमोठी कामेही करीत.

‘जगाच्या प्रतिमा आणि युद्धाची नोंद’ (१९८८) ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती म्हणावी लागेल. ४ एप्रिल १९४४ रोजी अमेरिकी विमानाने आय. जी. फार्बेन कंपनीच्या कारखान्याची छायाचित्रे घेतली. शेजारची नाझींची आउश्वित्झ छळछावणीही त्यांत आली होती. विश्लेषकांनी कारखाना ओळखला, वीजकेंद्र ओळखले. छावणीकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही, कारण ती शोधण्याचा आदेशच कुणाला नव्हता. १९७७ साली सीआयएच्या दोन कर्मचाऱ्यांनी ती छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली, तेव्हा त्यांत गॅस चेंबर आणि कैद्यांच्या रांगा दिसल्या. कॅमेऱ्याने टिपणे आणि माणसाने पाहणे यांतले हे तेहतीस वर्षांचे अंतर चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे.

आंद्रेई उजिका यांच्यासह केलेल्या ‘एका क्रांतीचे व्हिडिओग्राम’मध्ये (१९९२) डिसेंबर १९८९ची रुमानियातील उलथापालथ केवळ दूरचित्रवाणी आणि हौशी कॅमेऱ्यांच्या चित्रफितींतून मांडली आहे. हुकूमशहा चाउशेस्कू यांचे भाषण सुरू असताना गर्दीत गडबड होते, थेट प्रक्षेपण विस्कळीत होते आणि कॅमेरा आकाशाकडे वळतो. तेवढ्या रिकाम्या आकाशावर फारोकी थांबतात आणि सत्ता ढासळण्याचा क्षण तिथे दाखवून देतात.

१९९५ पासून ते कलादालनांकडे वळले. फ्रान्समधील लील येथील संग्रहालयासाठी केलेल्या ‘इंटरफेस’मध्ये दोन पडद्यांवर दोन दृश्ये एकाच वेळी चालतात. संकलनात एका दृश्यानंतर दुसरे येते. इथे ती शेजारी नांदतात आणि जोडणी प्रेक्षकाने करायची असते. ‘डोळा/यंत्र’ (२००१–०३) या मालिकेत क्षेपणास्त्राच्या टोकावरच्या कॅमेऱ्याची आणि कारखान्यातील यंत्रमानवांची चित्रे येतात. ती कुणी पाहावीत म्हणून काढलेलीच नसतात. ती थेट काम करतात, लक्ष्य शोधतात, माल तपासतात. अशा चित्रांना फारोकींनी ‘कार्यकारी प्रतिमा’ म्हटले. आज पाळत ठेवणारे कॅमेरे आणि ड्रोन यांविषयीच्या चर्चेत ही संकल्पना सतत वापरली जाते. ‘गंभीर खेळ’मध्ये (२००९–१०) अमेरिकी सैनिक लढाईपूर्वी संगणकीय खेळावर सराव करतात आणि परतल्यावर मानसिक आघातावरचे उपचारही तशाच आभासी दृश्यांतून घेतात. उपचाराची आवृत्ती स्वस्तातली, म्हणून तिच्यातल्या वस्तूंना सावल्या नाहीत, हे फारोकींच्या नजरेतून सुटले नाही.

‘तुलना’ (२००९) हा चित्रपट विटांविषयी आहे. बुर्किना फासोत गावकरी मिळून भिंती उभारतात, भारतात हाताने विटा पाडल्या जातात, युरोपात यंत्रे त्या रचतात. निवेदन नाही, मागासलेले-पुढारलेले अशी प्रतवारीही नाही. श्रमाचा वेग आणि हातांची संख्या तेवढी बदलत जाते.

ख्रिस्तियान पेट्झोल्ड या दिग्दर्शकाच्या अनेक पटकथांत त्यांचा सहभाग होता. बर्कली आणि व्हिएन्ना येथे त्यांनी अध्यापन केले. २०११ पासून पत्नी आंट्ये एमान यांच्यासह त्यांनी बंगळुरूसह पंधरा शहरांत लघुचित्रपटांच्या कार्यशाळा घेतल्या. विषय कुठलेही काम, लांबी एक-दोन मिनिटे, आणि अट एकच : सगळे एका सलग शॉटमध्ये, कात्री न लावता. फारोकी यांच्या निधनानंतरही एमान यांनी हा प्रकल्प पुढे चालू ठेवला.